बंदूक कुणाच्या नावावर?

कफ परेडच्या मच्छीमार नगरातून निघून बधवार पार्कवरून वर्ल्ड ट्रेड सेंटरकडे चालत गेलं, तर वाटेत जितकी फाटकं लागतात तितके गणवेश दिसतात. बहुतेकांच्या हातात नोंदवही आणि शिट्टी, कुणाकडे काठी. एखाद्या बँकेच्या दारात मात्र स्टुलावर बसलेला माणूस दिसतो आणि त्याच्या मांडीवर आडवी दुनळी. ती बंदूक कुणाची? बँकेची, माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची, की गावाकडचा परवाना घेऊन मुंबईत नोकरी शोधायला आलेल्या त्या माणसाची स्वतःची? पैसे काढायला आत शिरणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. पडायला हवा, कारण गेल्या काही वर्षांत मुंबईत कामाच्या जागी जे गोळीबार गाजले, त्यांत हाच प्रश्न कळीचा होता.

हा वाद सगळ्यात मोठ्या आवाजात झाला तो अमेरिकेत. ऑक्टोबर २००२ मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या व्हॅलियंट या गावी वेयरहाउझर कंपनीच्या कागद कारखान्यात वास घेणारी कुत्री आणून पार्किंगमधल्या गाड्यांची झडती घेतली गेली. काही गाड्यांत बंदुका सापडल्या आणि डझनभर कामगार घरी बसले. त्या भागात गाडीत बंदूक असणं आपल्याकडे स्कूटरच्या डिकीत छत्री असण्याइतकं नेहमीचं. कामगारांनी कोर्ट गाठलं आणि ते हरले. शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी अमेरिकी घटनेची दुसरी दुरुस्ती सरकारचे हात बांधते, खाजगी मालकाचे नाही. मालकाच्या जमिनीवर यायचं तर मालकाच्या अटींवर यावं लागतं.

मग विधिमंडळ मध्ये पडलं. ओक्लाहोमाने २००४ मध्ये कायदा केला: कुलूपबंद गाडीत ठेवलेल्या बंदुकीला मालकाने मनाई करायची नाही. कंपन्यांनी विरोध केला. कोनोकोफिलिप्स ही तेल कंपनी कोर्टात उभी राहिली, तेव्हा बंदूकवाल्यांच्या संघटनेने तिच्या पेट्रोलवर बहिष्काराची हाक दिली. २००७ मध्ये खालच्या कोर्टाने कायद्याची अंमलबजावणी रोखली, २००९ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. त्याआधी २००८ मध्ये फ्लोरिडाने तसाच कायदा केला होता. तिथे डिस्नेने आतषबाजीसाठी स्फोटकांचा परवाना असल्याचं सांगून स्वतःपुरती सूट मागितली. आज वीसहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत. बंदुकीचा पक्ष म्हणतो, घरापासून कामापर्यंतच्या रस्त्यावर मला संरक्षण हवं आणि कारखान्याच्या गेटवर बंदूक काढून ठेवायला लावलीत तर तो रस्ताच निःशस्त्र होतो. मालमत्तेचा पक्ष म्हणतो, माझ्या आवारात कोण काय घेऊन येईल हे मी ठरवणार नसेन, तर ते आवार माझं कसलं?

मला दोन्ही बाजू प्रामाणिक वाटतात आणि दोन्ही आपल्या उपयोगाच्या नाहीत, कारण ज्या दोन हक्कांची ती झुंज आहे त्यातला एकही आपल्या घटनेत मूलभूत हक्क नाही.

हे असं का झालं, याचा इतिहास थोडा मुंबईतून जातो. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली आणि युरोपियनांना सूट ठेवली. हा अपमान राष्ट्रीय चळवळीला कायम सलत राहिला. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची अधिवेशनातल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या चौकटीत का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने त्या ठरावावर हात फिरवून तो पक्का केला. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी हा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. फाळणीच्या कत्तलींना तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं, हे लक्षात घेतलं तर आश्चर्य वाटत नाही. आज घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात शस्त्रांचा उल्लेख आहे तो उलट्या अंगाने: नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमता येईल. शिखांची कृपाण हा अपवाद पंचविसाव्या अनुच्छेदात आहे, तोही धर्माच्या खात्यावर. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकायदा बंदुकांच्या प्रश्नात स्वतःहून लक्ष घालताना सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेशी तुलना करून हाच फरक पुन्हा सांगितला.

मालमत्तेचंही तेच. सुरुवातीच्या घटनेत मालमत्ता हा मूलभूत हक्क होता. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो काढला आणि ३००-अ या अनुच्छेदात साधा घटनात्मक हक्क म्हणून ठेवला. म्हणजे नरिमन पॉइंटच्या कंपनीमालकाचा गेटवरचा अधिकार आणि त्याच्या नोकराचा बंदुकीवरचा अधिकार, दोन्ही सरकारच्या मर्जीच्या आणि कायद्याच्या मापात. बंदूक तर सरळच परवान्याची गोष्ट. १९५९ चा शस्त्र कायदा, २०१६ चे नियम, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका.

देशात एकच कोपरा असा आहे जिथे बंदूक जमिनीला जोडून येते. कर्नाटकातल्या कोडगूत कोडव समाजाला आणि जम्मा पद्धतीने जमीन धरणाऱ्यांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली. जमिनीचा हक्क आणि बंदुकीचा हक्क एकाच हातात असल्यावर वादच उरत नाही. आपल्या कोकणात शेती संरक्षणाच्या बंदुका आहेत, रानडुकरं आणि माकडांपायी, पण तो परवानाच. बागेत कामाला येणाऱ्या गड्याला त्याचा काही लाभ नाही.

कारखान्याच्या आवारात मालक काय करू शकतो, याचं उत्तर महाराष्ट्रात बरंच जुनं आहे. कामगारांसाठीच्या आदर्श स्थायी आदेशांत गैरवर्तनाची लांबलचक यादी आहे. चोरी, नशेत येणं, मारामारी यांच्याच रांगेत आवारात अनधिकृतपणे प्राणघातक हत्यार बाळगणं हेही आहे. अनधिकृत म्हणजे व्यवस्थापनाच्या परवानगीवाचून, असाच त्याचा अर्थ मी लावतो. जिल्हाधिकाऱ्याचा परवाना खिशात असला म्हणून मालकाचं तोंड बंद होत नाही. ओक्लाहोमात ज्यावर सात वर्षं कोर्टबाजी झाली, तो मुद्दा इथे एका ओळीत मालकाच्या बाजूने सुटलेला आहे आणि त्याबद्दल कुणी हूं की चूं केलेलं नाही. करणार कोण? लालबाग-परळच्या कामगाराने पाळी सुटताना गेटवर झडती दिली ती सुताच्या कांडीसाठी. बंदूक त्याच्या वाऱ्यालाही उभी नव्हती.

गिरणगावात मालक-कामगारांच्या झगड्यात बंदूक आली ती तिसऱ्याच्या हातातून. ७ मे १९९४ रोजी महालक्ष्मीला खटाव मिलचे सुनीत खटाव यांना भर रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. गिरणीच्या जमिनीचा व्यवहार त्यामागे होता. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत डॉ. दत्ता सामंत मारले गेले, ज्यांनी १९८२ चा संप चालवला होता. एक मालक, एक कामगार पुढारी. दोघांना मारणाऱ्या बंदुका ना परवान्यावर होत्या, ना गिरणीच्या हजेरीपटावर. स्थायी आदेशातली ती ओळ त्या काळात लिहिलेली असून नसल्यासारखी होती.

आता फाटकावरच्या माणसाकडे येऊ, कारण मुंबईत मालकाच्या आवारात शस्त्र घेऊन उभं राहणारा कामगार म्हटला तर तोच. त्याच्या काठीची गंमत पाहण्यासारखी आहे. शस्त्र कायद्याच्या व्याख्येतून घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू वगळल्या आहेत आणि उदाहरण म्हणून लाठीचं नाव दिलं आहे. म्हणजे ज्याच्या जिवावर टॉवरमधले लोक झोपतात ते कायद्याने शस्त्रच नव्हे. आणि तरी मुंबई पोलीस महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या सदतिसाव्या कलमाखाली वेळोवेळी जे मनाई आदेश काढतात, त्यांत लाठीलाही बंदी असते. मग त्यातून सूट दिली जाते ती सरकारी नोकरांना, आणि खाजगी सुरक्षा रक्षक, गुरखे, चौकीदार यांना, पण लाठी साडेतीन फुटांच्या आत असेल तर. साडेतीन फूट कुणी ठरवले, चौथ्या फुटात काय बिघडतं, हे विचारू नये. जाता जाता, वगळलेल्या वस्तूंच्या त्या ओळीत मासेमारीचा शब्द नाही. मच्छीमार नगरातल्या प्रत्येक होडीवर जाळं कापायची सुरी असते. होडी ही कोळ्याची कामाची जागा, सुरी हे त्याचं अवजार, आणि कायद्याला शेतकऱ्याचा विळा आठवला पण कोळ्याची सुरी आठवली नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हीच होड्यांची जागा होती. पोरबंदरचा ‘कुबेर’ ट्रॉलर समुद्रात सोडून दहा दहशतवादी रबरी होडीतून इथे उतरले. वस्तीतल्या लोकांनी त्यांना हटकलं, कोण तुम्ही, कुठले, म्हणून विचारलं. विचारणाऱ्यांचे हात रिकामे होते आणि उत्तर देणाऱ्यांच्या पाठीवरच्या पिशव्यांत एके-४७ होत्या. पुढे ताज, ट्रायडंट, सीएसटी. कुठल्याही हॉटेलच्या दारातल्या रक्षकाकडे त्या बंदुकीला उत्तर नव्हतं. गिरगाव चौपाटीला सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे लाठी घेऊन त्या दहांतल्या कसाबला भिडले आणि अंगावर गोळ्या झेलून त्यांनी त्याची बंदूक धरून ठेवली. या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीच्या अहवालात पोलिसांना नेमबाजीच्या सरावालाही पुरेसा दारूगोळा मिळत नसल्याची नोंद आली.

त्यानंतर सहा महिने तरी मुंबईत एक मागणी सारखी ऐकू येत होती: हॉटेलांना, कंपन्यांना स्वतःचे बंदूकधारी ठेवू द्या. मालकाचं आवार, मालकाचा पैसा, मग बंदूक का नको? सरकारने दिलेलं उत्तर चतुर होतं. २००९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा कायदा बदलून ते दल खाजगी कंपन्यांनाही पैसे घेऊन देता येईल असं केलं आणि इन्फोसिसच्या आवारात जवान उभे राहिले. २०१० मध्ये महाराष्ट्राने स्वतःचं राज्य सुरक्षा महामंडळ काढलं. गेट मालकाचं, पगाराचं बिल मालकाचं, पण बंदूक आणि ती चालवण्याचा हुकूम सरकारचा. मालकाला बंदुकीचा हक्क न देता बंदुकीचं भाडं आकारलं. मला ही व्यवस्था आवडते. ज्याला परवडते त्याला ती पुरते आणि गोळी सुटली तर जाब कुणाला विचारायचा हे नक्की असतं. अडचण एवढीच की ती मूठभरांना परवडते.

बाकीच्यांसाठी आहे २००५ चा खाजगी सुरक्षा एजन्सींचा कायदा. त्याखालच्या नमुना नियमांप्रमाणे रक्षकाला वर्गात १०० तास आणि मैदानावर ६० तास प्रशिक्षण मिळायला हवं. अभ्यासक्रमात शस्त्रांचे प्रकार ओळखता येणं हा विषय आहे. ओळखणं आणि हाताळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक, म्हणून सशस्त्र कामासाठी माजी सैनिक घेतले जातात. सरकारी बँकांची पद्धत त्यातल्या त्यात सरळ आहे. परवाना बँकेच्या नावावर, रक्षकाचं नाव त्या परवान्यावर हत्यार धरणारा म्हणून नोंदलेलं. नोकरी सुटली की बंदूक बँकेतच राहते.

पण खाजगी बाजारात उलटी गंगा वाहते. तिथे बंदूकवाल्याला बिनबंदुकीच्या रक्षकापेक्षा जास्त पगार मिळतो, म्हणून बंदूक हीच नोकरीची पात्रता होते. उत्तर प्रदेश, बिहार, जम्मू-काश्मीर इथून आत्मसंरक्षणाच्या नावाने परवाना काढायचा, कर्ज काढून बंदूक घ्यायची आणि मुंबई-पुण्यात ती भाड्याने लावावी तशी स्वतःसकट कामाला लावायची. सुतार करवत घेऊन येतो तसा हा बंदूक घेऊन येतो, मालकाच्या डोक्याला ताप नाही. जम्मू-काश्मीरमध्ये काही वर्षांत दोन लाख ७८ हजारांहून अधिक परवाने वाटले गेल्याचं सीबीआयच्या तपासात पुढे आलं, त्यांतले बरेच गैरमार्गाने दिल्याचा आरोप आहे. एवढे परवाने काही तिथल्या लोकांच्या आत्मसंरक्षणासाठी निघाले नसणार.

बंदूक नोकराची आणि आवार मालकाचं, तर काय होतं, ते ८ फेब्रुवारी २०२४ रोजी बोरिवलीत दिसलं. माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना मॉरिस नोरोन्हा याने आपल्या कार्यालयात बोलावलं, दोघे फेसबुकवर थेट बोलले आणि कॅमेरा सुरू असतानाच घोसाळकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मग मॉरिसने स्वतःलाही संपवलं. पिस्तूल मॉरिसचं नव्हतं. ते त्याने ठेवलेल्या अंगरक्षकाचं होतं, परवाना उत्तर प्रदेशातला. अंगरक्षक ते कार्यालयातल्या लॉकरमध्ये ठेवत असे आणि त्या संध्याकाळी तो तिथे हजरही नव्हता. पोलिसांनी त्याला शस्त्र कायद्याखाली अटक केली. पुढे तपास सीबीआयकडे गेला.

या प्रकरणात राजकारणाची चर्चा खूप झाली, लॉकरची झाली नाही. विचार करा: नोकर कामावरून घरी जाताना परवान्याचं शस्त्र मालकाच्या लॉकरमध्ये ठेवतो. अमेरिकी मालक म्हणाला असता, तुझी बंदूक माझ्या आवारात नको. इथे उलट, मालकाला बंदूक आवारातच हवी होती, फक्त ती स्वतःच्या नावावर नको होती, कदाचित मिळालीही नसती. परवान्यासाठी सरकार माणूस तपासतं. तपासलेला माणूस एक आणि ट्रिगरवर बोट दुसऱ्याचं, अशी सोय नोकरीच्या नात्यातून बिनबोभाट होते. या घटनेच्या अवघे सहा दिवस आधी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्ये तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी राजकीय प्रतिस्पर्धी महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा दाखल झाला होता. वाद जमिनीचा होता. पोलिसांच्याच कामाच्या जागी बंदूक आत जाते आणि दारात कुणी ती मागून घेत नाही, तर बोरिवलीच्या गल्लीतल्या कार्यालयाकडून काय अपेक्षा करायची?

आणि बंदूक मालकाच्या नावावर असली म्हणजे सगळं झालं, असंही नाही. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई सेंट्रल एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका कॉन्स्टेबलने आपले वरिष्ठ, सहायक उपनिरीक्षक टिकाराम मीना यांना सरकारी रायफलीने मारलं आणि मग डब्यांतून फिरत तीन मुसलमान प्रवाशांना. धावती गाडी ही त्याची कामाची जागा, रायफल नोकरीने दिलेली. सहकाऱ्याच्या जबाबानुसार त्याने आधी तब्येत बरी नाही, ड्युटीवरून सोडा, असं सांगितलं होतं. ज्या नोकरीत आजारी माणसाला रजा मिळवणं कठीण आणि रायफल मिळवणं सोपं, तिथे परवाना कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न अपुरा पडतो. प्रवाशांना वेचून मारण्यामागचा द्वेष तर कुठल्याच सेवा-नियमात बसत नाही. तरीही इथे एक गोष्ट होती जी बोरिवलीत नव्हती: हत्यार कुणाचं, दिलं कुणी, परत घ्यायला हवं होतं कुणी, याची उत्तरं कागदावर होती आणि दलाला ती द्यावी लागली.

म्हणून माझं म्हणणं असं की आपल्याकडे कामगाराचा बंदुकीचा हक्क आणि मालकाचा आवाराचा हक्क यांची तुलना करत बसण्यात हशील नाही. ज्याच्या मालाचं रक्षण करायचं, परवाना त्याच्या नावावर हवा आणि रक्षक त्याखाली नोंदलेला हवा. स्वतःची बंदूक आणणाऱ्याला नोकरी, ही जाहिरातच बेकायदा ठरायला हवी. रोकड वाहणाऱ्या गाड्यांसाठी केंद्राने २०१८ मध्ये नमुना नियम केले. गाडीत दोन सशस्त्र रक्षक हवेत, शहरात रात्री नऊनंतर एटीएममध्ये पैसे भरायचे नाहीत, असं सगळं बारकाईने लिहिलं. पैशाच्या पेटीसाठी एवढं लिहिता येतं, तर लॉकरमधल्या पिस्तुलासाठीही येईल.

या मागणीला विरोध होईल तो लहान मालकांकडून. सराफ, बिल्डर, वसुलीची कार्यालयं. परवान्याच्या कटकटी, पोलीस ठाण्याच्या फेऱ्या आणि चुकलं तर स्वतःची मान. तो विरोध समजण्यासारखा आहे, पण ती मान अडकणं हाच तर सगळ्याचा हेतू. नव्या श्रमसंहितांनी त्यांना आणखी मोकळं केलं आहे. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे ३०० कामगार असतील तिथेच स्थायी आदेश लागतात. प्राणघातक हत्याराची ती जुनी ओळ आता मोठ्या कारखान्यांपुरती उरेल, जिथे बंदूक आणायचं कुणाच्या मनातही येत नाही. दहा माणसांच्या कार्यालयात, जिथे अंगरक्षक बाकड्यावर बसलेला असतो, तिथे लिहिलेला नियमच नाही. मुंबईत खोली भाड्याने देताना भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची सक्ती घरमालकाच्या अंगवळणी पडली आहे. बंदूकवाला कामावर ठेवणाऱ्याकडूनही तसाच एक कागद घेता येईल: माणूस कोण, परवाना कुठला, आणि कामाची वेळ संपली की हत्यार कुठे असतं.